पुण्यात नव्यानं राहायला येताय? आधी भाग ठरवा, मग घर

पुण्यात नव्यानं बस्तान बसवायला येणारे बहुतेक जण एकाच ठिकाणी चुकतात. ते घरापासून सुरुवात करतात. मोबाईलवर फोटो बघायचे, हॉल आवडायचा, गॅलरीतून टेकडी दिसायची, भाडं बजेटमध्ये बसायचं, की शनिवारी येऊन टोकन देऊन मोकळे. पाणी टँकरचं आहे, ऑफिसला पोचायला दीड तास लागतो आणि करारात अकरा महिन्यांचा लॉक-इन (आधी सोडलं तरी उरलेलं भाडं भरायचं बंधन) आहे, हे कळतं सामान लावून झाल्यावर.

नोकरी बदलली असो, निवृत्ती असो, संसार मोडून एकट्यानं पुन्हा उभं राहायचं असो, क्रम एकच ठेवा: पैसे आणि कागद, दिवसाचं वेळापत्रक, भाग, घर, करार. हा लेख भाड्याच्या घराबद्दल आहे. पहिल्या वर्षी पुण्यात घर विकत घेऊ नका. शहराचा एक पावसाळा आणि एक उन्हाळा अंगावर निघाल्याशिवाय कुठला भाग आपल्याला मानवतो ते कळत नाही.

टप्पा १: पैसे आणि कागद

अठरा हजारांचं वन बीएचके डोळ्यापुढे ठेवून हिशेब करा. डिपॉझिट साधारण दोन ते तीन महिन्यांचं भाडं, म्हणजे ५४,००० पर्यंत. पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ १८,०००. एजंट असेल तर त्याची दलाली बहुधा एका महिन्याचं भाडं, आणखी १८,०००. हे झाले ९०,०००. त्यावर टेम्पो, हमाली, करारनाम्याचा खर्च, पडदे, बल्ब, गॅसची शेगडी. थोडक्यात, ठरवलेल्या भाड्याच्या सहापट रक्कम हातात असल्याशिवाय घर बघायला निघू नका. पैसे कमी असतील तर भाड्याचा आकडा खाली आणा. डिपॉझिटसाठी उसनवारी करून सुरू केलेला संसार पहिले सहा महिने ओढाताणीतच जातो.

कागदांत आधार आणि पॅनवरचं नाव अक्षरशः जुळतंय का बघा. एकीकडे वडिलांचं नाव, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, यावर कराराची ऑनलाइन नोंदणी अडते. नोंदणीत बोटांचे ठसे घेतात, आणि वयस्कर माणसांचे किंवा शेतात राबलेल्या हातांचे ठसे पुष्कळदा उमटत नाहीत. आई-वडिलांच्या नावावर करार करणार असाल तर जवळच्या आधार केंद्रात जाऊन बायोमेट्रिक आधीच ताजं करून घ्या.

> थांबा: घर न बघता कुणालाही एक रुपया पाठवू नका. “मी लष्करात आहे, बदली झाली, फ्लॅट रिकामा आहे, गेट पाससाठी पैसे पाठवा” हा साचा जुना आहे, पण अजून चालतो. समोरच्यानं क्यूआर कोड पाठवला, की तो स्कॅन केल्यावर पैसे येत नाहीत, जातात.

टप्पा २: दिवसाचा नकाशा

एक कोरा कागद घ्या. घरातल्या प्रत्येक माणसाला आठवड्यातून तीन किंवा जास्त वेळा जिथे जावंच लागतं, ती ठिकाणं लिहा: ऑफिस, शाळा, क्लास, आईचं डायलिसिस. त्याखाली महिन्यातून दोनदा जायची ठिकाणं. दर पंधरा दिवसांनी गावी जाणार असाल तर तेही यात धरा. सातारा, कोल्हापूर, सांगलीच्या एसटी स्वारगेटहून सुटतात. नाशिक आणि छत्रपती संभाजीनगरकडे जायचं तर वाकडेवाडी गाठावी लागते. सोलापूर रस्त्यानं येणाऱ्याला हडपसरला उतरता येतं. शुक्रवारी संध्याकाळी वाकडहून स्वारगेटला पोचण्यातच पहिला दीड तास जातो, मग गावाकडचे फेरे आपोआप कमी होतात. काहींना ते हवंही असतं म्हणा.

आता पुढचा नियम वापरा: आपलं घर आणि आपलं ऑफिस नदीच्या आणि बायपासच्या (मुंबई-बेंगळुरू महामार्गाच्या) शक्यतो एकाच बाजूला असावं. पुण्याची वाहतूक तुंबते ती पुलांवर आणि मोठ्या चौकांत.

हिंजवडीत काम असेल तर वाकड, ताथवडे, पुनावळे, रावेत, पिंपळे सौदागर, किंवा बाणेर-बालेवाडी. खराडी-विमाननगरला असेल तर वडगाव शेरी, चंदननगर, धानोरी, केशवनगर, वाघोली. मगरपट्टा-हडपसरला असेल तर अमानोरा, मांजरी, मुंढवा, ससाणेनगर. कामच शहरात असेल तर मेट्रोचे दोन्ही मार्ग समोर ठेवा: वनाज ते रामवाडी, आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ते स्वारगेट. जिल्हा न्यायालय स्थानकावर दोन्ही मार्ग एकमेकांना मिळतात, त्यामुळे कोथरूडचा माणूस गाडी बदलून मंडई किंवा पिंपरी गाठतो. मात्र स्थानकापासून घर चालत दहा मिनिटांत असेल तरच मेट्रो हिशेबात धरा. “लवकरच मेट्रो येतेय” या वाक्यावर भाडं वाढवून देऊ नका. ज्या दिवशी धावेल त्या दिवशी घर बदलता येतं.

स्वस्त भाड्याचा मोह पडला की पुढचं गणित करा. समजा खराडीत घर १९,००० ला आहे आणि ऑफिस ६ किलोमीटरवर. वाघोलीच्या पलीकडे तसंच घर १४,००० ला, पण ऑफिस १४ किलोमीटरवर. रोज १६ किलोमीटर जास्त. महिन्याचे २२ दिवस धरले तर ३५२ किलोमीटर, दुचाकीला ४० चं ॲव्हरेज, म्हणजे ९ लिटरच्या आसपास पेट्रोल. लिटरचा भाव शंभराच्या थोडा वर धरला तर हजार रुपयांहून कमी. म्हणजे पैशात वाघोली अजूनही स्वस्त. आता वेळ मोजा. नगर रस्त्यावर प्रत्येक वेळी ३० मिनिटं जादा गेली तरी महिन्याला २२ तास होतात. वाचलेले चार हजार भागिले बावीस: तुमच्या एका तासाची किंमत १८० रुपये निघते. ती मान्य असेल तर खुशाल वाघोलीला राहा, पण आकडा माहीत करून घेऊन.

> तपासा: प्रवासाची चाचणी मंगळवार, बुधवार किंवा गुरुवारी, स्वतःच्या खऱ्या वेळेला, स्वतःच्या वाहनानं करा. रविवारी नकाशावर दिसणारी पंचवीस मिनिटं मंगळवारी सकाळी नऊला हिंजवडीजवळच्या भूमकर चौकात विरघळतात.

आणखी एक नेहमीची चूक: “मावशी तिथेच राहते” म्हणून भाग ठरवणं. मावशीकडे महिन्यातून एकदा जेवायला जाल, ऑफिसला बावीस वेळा.

टप्पा ३: आधी पंधरा दिवस तात्पुरता मुक्काम

कागदावर दोन-तीन भाग उरले की त्यातल्या एकात पंधरा दिवस ते महिनाभर पीजी, कॉट बेसिस (खोलीतली एक खाट भाड्यानं) किंवा सर्व्हिस अपार्टमेंट घ्या. सामान गावीच राहू द्या. कुटुंब असेल तर एकानं आधी यावं. याला पैसे लागतात, पण चुकीच्या घरात अडकून लॉक-इनचं भाडं भरण्यापेक्षा कमीच. विद्यार्थ्यांची झुंबड जून-जुलैत उडते. तेव्हा कर्वेनगर, कोथरूड, पेठा, आंबेगाव इथे खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर दर चढे असतात. जमलं तर ते दोन महिने टाळा.

टप्पा ४: भागाची तपासणी

इथे घाई नको. प्रत्येक भागाला तीन फेऱ्या: कामाच्या दिवशी सकाळी सात वाजता, संध्याकाळी साडेसातला, आणि रात्री साडेदहानंतर.

*पाणी.* पुण्यात भाडं पाण्यावर ठरायला हवं, पण ठरतं फ्लोअरिंगवर. शहराचं मुख्य पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या साखळीतून येतं. पूर्वेच्या काही भागांना भामा आसखेडचं मिळतं. महापालिकेत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावं आली, पण हद्द वाढली म्हणून नळाला पाणी आलं असं होत नाही. अशा भागांत पुष्कळ सोसायट्या बोअर आणि टँकरवर चालतात. बाणेर-बालेवाडीसारख्या महागड्या भागांतही टँकरची रांग दिसते, तेव्हा भाड्याच्या आकड्यावरून पाण्याचा अंदाज बांधू नका.

एजंटला “पाण्याचा त्रास आहे का?” असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. सोसायटीच्या वॉचमनला विचारा, “टँकर किती वाजता येतो?” तो बेसावधपणे खरी वेळ सांगतो. मग रोज किती टँकर, तेही विचारा. ताळा करायला माणशी दिवसाला १३५ लिटर धरा. साठ फ्लॅट, घरटी चार माणसं म्हटलं की ३२,४०० लिटर होतात, म्हणजे दहा हजार लिटरचे तीनाहून जास्त टँकर. वॉचमन “रोज तीन, उन्हाळ्यात चार” म्हणाला तर नळाला जवळजवळ काहीच येत नाही असं समजा. हा खर्च मेंटेनन्समध्ये आहे की वेगळा वाटून घेतात, हा पुढचा प्रश्न. एप्रिल-मे महिन्यांची मेंटेनन्सची बिलं दाखवायला सांगा. डिसेंबरचं बिल काही सांगत नाही.

शहरात देखभालीसाठी पाणी बंद ठेवायचं झालं तर तो दिवस बहुधा गुरुवार असतो, आणि शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा, कमी दाबानं येतं. म्हणून एक फेरी शुक्रवारी सकाळी मारलीत तर सोसायटीची टाकी किती तग धरते ते कळतं.

पाण्याचा दर्जाही बघा. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं छोटं टीडीएस मीटर खिशात ठेवा. पिण्याच्या पाण्याची मान्य मर्यादा ५०० आहे. बोअरचं पाणी याच्या वर सहज जातं. मीटर नसेल तर नळाच्या तोंडाकडे पाहा. पांढरा, खरखरीत थर असेल तर पाणी जड आहे: गिझरची कॉइल लवकर जाईल, साबणाला फेस येणार नाही. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याजवळच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी भागांत जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण आढळले तेव्हा संशय पाण्यावरच गेला होता. विहीर किंवा बोअरचं पाणी थेट टाकीत जात असेल तर क्लोरीन कोण आणि कधी टाकतं ते विचारा. उत्तर देणारं कुणीच नसेल तर तेच उत्तर.

*पूर आणि ओढे.* २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्यानं अरण्येश्वर, सहकारनगर, टांगेवाला कॉलनीत हाहाकार केला. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. नदी किंवा ओढ्याच्या काठचं घर बघत असाल तर पार्किंगच्या खांबांवर आणि तळमजल्याच्या भिंतींवर आडवी, गढूळ रेघ शोधा. रंग दिला असला तरी मीटरच्या खोलीत ती बहुधा राहून जाते. अशा इमारतीत वरच्या मजल्यावर राहूनही सुटका नसते, कारण गाडी, मीटर आणि लिफ्टची मोटर खालीच असते.

*आवाज आणि वास.* म्हात्रे पूल ते राजाराम पूल या डीपी रस्त्यावर मंगल कार्यालयं आणि लॉन्स आहेत, लग्नसराईत तिथे रात्री काय असतं ते एकदा उभं राहून पाहा. विमाननगर, लोहगाव, धानोरीत प्रवासी विमानांबरोबर हवाई दलाचीही विमानं उडतात. उरुळी-फुरसुंगीच्या कचरा डेपोचा वास वाऱ्याच्या दिशेवर असतो, त्यामुळे एका भेटीत कळत नाही. मुंढवा, केशवनगर, खराडीत नदीकाठाला जलपर्णी वाढली की डासांचे थवे उठतात, आणि तो हंगाम जानेवारी ते मार्चचा. पेठांत घर घेत असाल तर गणपतीच्या दिवसांत संध्याकाळी गाडी दारापर्यंत नेता येणार नाही हे धरून चाला.

*हद्द कुणाची.* पत्ता पुणे महापालिकेत आहे, पिंपरी-चिंचवडमध्ये, कॅन्टोन्मेंटमध्ये की पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) क्षेत्रातल्या ग्रामपंचायतीत? तक्रार कुठे करायची ते यावर ठरतं. पोलिसही वेगळे आहेत: वाकड, हिंजवडी २०१८ पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येतात.

टप्पा ५: घर बघणं

एका दिवसात चारपेक्षा जास्त घरं बघू नका, पाचव्यापासून सगळी एकमेकांत मिसळतात. प्रत्येक घराला अर्धा तास द्या आणि दिवसाउजेडी जा. क्रम असा ठेवा:

१. आधी इमारत. लिफ्ट चालू आहे का, जनरेटरवर लिफ्ट चालते की नुसते जिन्यातले दिवे, पार्किंगला नंबर दिलेला आहे का. “कुठेही लावा” याचा अर्थ तुम्हाला पार्किंग नाही.

२. मग बाथरूम आणि स्वयंपाकघर. सगळे नळ एकदम उघडा आणि फ्लश ओढा. शॉवरची धार निम्म्यावर आली तर सकाळी दोघांना एकाच वेळी आवरता येणार नाही. एक बादली पाणी न्हाणीच्या जाळीवर ओता. पाणी दोन मिनिटं साचून राहिलं तर लाइन तुंबलेली आहे.

३. ओल. बाथरूमच्या पलीकडच्या बाजूची भिंत, बहुधा बेडरूममधली, तळहातानं दाबून बघा. गार, किंचित चिकट लागली किंवा रंगाखाली भुसभुशीत वाटली तर ओल आहे. अख्ख्या खोलीला जुना रंग आणि एकाच पट्ट्याला ताजा, हे दिसलं की मालकाला लगेच विचारा. कपाटाचं खालचं दार उघडून वास घ्या. वरचा मजला असेल तर छताचे कोपरे बघा. आणि हे लक्षात ठेवा, की वरच्या मजल्याची पश्चिमेकडची बेडरूम एप्रिलमध्ये रात्री अकरापर्यंत तापलेली असते.

४. वीज. गिझरला आणि एसीला जाड पिनांचा सॉकेट आहे का, एमसीबीवर (विजेच्या मुख्य बोर्डावरच्या बटणांवर) नावं लिहिली आहेत का. महावितरणचं एक जुनं बिल मागा. थकबाकी तर कळतेच, पण बिलावर मागच्या महिन्यांचा युनिटचा वापर छापलेला असतो. कुठे शंभर, कुठे चार, कुठे शून्य असे आकडे असतील तर घर वारंवार रिकामं होतंय. माणसं का निघून जातात ते मग शेजारच्या काकूंना विचारता येतं.

५. मोबाईल. प्रत्येक खोलीत दार लावून फोन लावा. घरून काम करणाऱ्यांनी कुठल्या कंपनीचं फायबर इमारतीत आलंय ते पाहावं. काही सोसायट्या एकाच कंपनीला आत घेतात.

६. गॅस. एमएनजीएल या गॅस कंपनीची पाइपलाइन असेल तर मीटर कुणाच्या नावावर आहे आणि आधीचं बिल भरलंय का ते पाहा. पाइप नसेल तर सिलिंडरचं कनेक्शन गावाहून बदलून आणावं लागेल, त्याला वेळ जातो.

पेठेतला जुना वाडा भाड्यानं मिळत असेल आणि भाडं फारच कमी असेल, तर महापालिकेनं त्याला धोकादायक म्हणून नोटीस दिली आहे का याची खात्री करा. दर पावसाळ्याआधी अशा नोटिसा निघतात.

टप्पा ६: टोकनआधी मालकाची खात्री

घर आवडलं, आता इथेच हात आखडता घ्या. समोरचा माणूस खरंच मालक आहे का? फ्लॅटचं इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाकडचा दस्ताचा उतारा), मिळकतकराचं बिल आणि वीजबिल, तिन्हींवर एकच नाव हवं. मालक परदेशात असेल आणि भाऊ किंवा केअरटेकर व्यवहार करत असेल तर कुलमुखत्यारपत्र बघा, फोटोवर समाधान मानू नका.

मालक अनिवासी भारतीय असेल तर एक गोष्ट बहुतेक भाडेकरूंच्या गावीही नसते: भाड्यातून टीडीएस (आधीच कापला जाणारा प्राप्तिकर) कापून भरायची जबाबदारी भाडेकरूवर येते. निवासी मालकाच्या बाबतीत ही झंझट महिन्याला ५०,००० च्या वर भाडं असेल तरच असते. अनिवासी मालकाला ती मर्यादा लागत नाही आणि दरही ३० टक्क्यांच्या घरात असतो. आधी सीएला विचारा, मग भाड्याची बोलणी करा.

सोसायटीचे नियम टोकनआधी लेखी मागा: एकटे राहणारे, पाहुणे, पाळीव कुत्रं, सामान चढवण्याची वेळ आणि त्याचे पैसे. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी जे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेते ते मालकानं भरायचे असतात, आणि ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. ते तुमच्या माथी मारले जात नाहीत ना ते बघा.

टोकन पाच हजारांच्या वर नको. ते मालकाच्याच बँक खात्यात टाका. व्हॉट्सॲपवर एवढं लिहून घ्या: भाडं किती, डिपॉझिट किती, मेंटेनन्स कुणाचा, ताबा कधी, करार झाला नाही तर टोकन परत. मालकानं उत्तरात नुसतं होकाराचं अंगठ्याचं चिन्ह पाठवलं तरी नोंद राहते.

टप्पा ७: करारनामा

“अकरा महिन्यांचा करार, नोटरी पुरे” हे पुण्यात सर्रास ऐकू येतं आणि ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मुदत कितीही असो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची, आणि न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. काही मालक टाळाटाळ करतात, कारण स्वतः राहत असलेल्या घराला पुणे महापालिका मिळकतकरात ४० टक्के सवलत देते आणि घर भाड्यानं दिल्याचं उघड झालं की ती जाते. तो त्यांचा प्रश्न. तुम्हाला मात्र आरटीईच्या शाळा प्रवेशाला, आधारवरचा पत्ता बदलायला आणि घरभाडे भत्त्याला नोंदणीकृत करार उपयोगी पडणार आहे.

खर्च फार नसतो. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. भाडं १८,००० आणि मुदत ११ महिने म्हणजे १,९८,०००. परत मिळणारं डिपॉझिट ५४,०००, त्यावर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज ११ महिन्यांचं ४,९५०. बेरीज २,०२,९५०, शुल्क पाचशेच्या आसपास. शहरी भागात नोंदणी फी १,००० आणि ऑनलाइन नोंदणीचा हाताळणी खर्च वेगळा. घरी मशिन घेऊन येणारा एजंट यावर स्वतःची फी लावतो. ती किती आणि कोण भरणार, ते आधी ठरवा. निम्मी-निम्मी ही रूढ पद्धत आहे.

मसुदा आदल्या दिवशी मागून घ्या आणि ही कलमं बोट ठेवून वाचा:

- लॉक-इन. तीन महिन्यांपेक्षा जास्त मान्य करू नका. या काळात सोडलंत तर उरलेल्या महिन्यांचं भाडं मागितलं जातं. नव्या शहरात पहिल्या अकरा महिन्यांत काय बदलेल सांगता येत नाही.
- नोटीस. दोन्ही बाजूंना एक महिना. पुष्कळ मसुद्यांत भाडेकरूला दोन आणि मालकाला एक असतो.
- डिपॉझिटची परतफेड. “ताबा परत दिल्याच्या दिवशी” असं लिहून घ्या. “नंतर” हा शब्द चालणार नाही.
- रंगकाम. सोडताना रंगाचे म्हणून एका महिन्याचं भाडं कापायची प्रथा काही मालकांत आहे. कापणार की नाही, कापणार तर किती, तो आकडा करारात हवा.
- दुरुस्ती. गळती, वायरिंग, गिझर मालकाकडे, बल्ब आणि नळाचे वॉशर तुमच्याकडे.
- सामानाची यादी. पंखे, ट्यूब, गिझर, चिमणी, किल्ल्या, नगासकट.

> तपासा: नोंदणी झाल्यावर इंडेक्स टूची प्रत आणि दस्त क्रमांक असलेली पीडीएफ हातात आल्याशिवाय डिपॉझिटचा शेवटचा हप्ता देऊ नका. भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन कळवायची असते. ती मालकानं भरली का ते विचारा आणि पोच मागून घ्या.

टप्पा ८: ताबा आणि पहिला आठवडा

किल्ली घेतली की सामान आणण्याआधी रिकाम्या घरात जा आणि दहा मिनिटांचा व्हिडिओ काढा: प्रत्येक भिंत, लादीचा प्रत्येक तडा, सिंकखालचा पाइप, विजेच्या आणि गॅसच्या मीटरचं रीडिंग. तो त्याच दिवशी मालकाला पाठवून ठेवा. सोडताना डिपॉझिटवरून होणारे बहुतेक वाद या व्हिडिओपाशी संपतात. मुख्य दाराच्या कुलपाचा सिलिंडर बदला. आधीच्या तीन भाडेकरूंपैकी कुणाकडे किल्ली आहे ते मालकालाही माहीत नसतं.

वन बीएचकेचं सामान ‘छोटा हत्ती’ टेम्पोत एका खेपेत बसतं, कपाट आणि डबल बेड लाकडी असेल तर नाही. सोसायटीत सामान चढवायची वेळ आधी विचारा, रविवारी मनाई असलेल्या सोसायट्या आहेत. गावाहून सगळं एकदम आणू नका. गाद्या, भांडी, कपडे, एक टेबल एवढ्यावर महिना काढा. कुठली खोली तापते, कुठे ओल येते ते कळलं की मग कपाट कुठे उभं करायचं ते ठरवता येतं.

पहिल्या आठवड्यात उरकायची कामं: आधारचा पत्ता, बँकेतला पत्ता, गॅस, मतदार यादीसाठी नमुना ८. जवळचं चोवीस तास उघडं असणारं रुग्णालय एकदा रात्री स्वतः जाऊन बघा. दूध, पोळीवाल्या मावशी, प्लंबर आणि रिक्षा यांचे नंबर वॉचमनकडून घ्या.

एक शेवटचं काम त्याच आठवड्यात करा. करार संपण्याच्या दोन महिने आधीच्या तारखेला मोबाईलमध्ये आठवण लावून ठेवा. वाढीव भाडं सांगायला मालक पुष्कळदा अगदी शेवटच्या आठवड्यात फोन करतो, आणि तेव्हा दुसरं घर शोधायला वेळ उरलेला नसतो.